'गुरुवारी देतो' म्हणायच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. तुम्ही कोल्हापूरकडच्या एका मध्यम ऑफसेट प्रेसमध्ये दीड वर्षापासून काउंटर सांभाळता, म्हणजे कस्टमरशी बोलणं, कोटेशन, प्रूफ (छापण्याआधी कस्टमरने तपासायची नमुना पानं) पाठवणं, फोन घेणं सगळं तुमच्याकडे. कस्टमर विचारतो कधी मिळेल, तुम्ही मनातल्या मनात अंदाज बांधून वार सांगता, मालकांचं म्हणणं 'आधी हो म्हण, काम हातात येऊ दे, मग बघू', आणि गेल्या महिन्यात ओळीने चार जॉब लेट झाले, एका पतसंस्थेने अहवाल उशिरा मिळाला म्हणून बिलातून पैसे कापले आणि बोलणी मात्र तुम्ही खाल्लीत. आता विचारताय की मला 'नाही' म्हणायला जमत नाही ते कसं शिकू, आणि जास्त दिवस सांगितले तर कस्टमर दुसरीकडे जाणार नाही का.

मी पुण्यात या धंद्यात २६ वर्षं आहे, पहिली आठ तुमच्याच खुर्चीत काढली आणि नंतर भागीदारीत स्वतःची प्रेस. त्यामुळे शिव्यांच्या बाबतीत मी तुम्हाला सीनियर आहे.

मला विचाराल तर 'नाही म्हणता येत नाही' हा तुमचा प्रॉब्लेमच नाहीये. तुम्ही 'हो' म्हणता त्या क्षणी मशीनवर काय चढलंय, त्याच्यामागे किती जॉब थांबलेत, कागद आलाय का, लॅमिनेशनवाल्याकडे गर्दी किती, यातलं तुम्हाला काहीच माहीत नसतं. मग उरतं काय, तर समोरच्या माणसाचा चेहरा, आणि चेहरा बघून तारीख दिली की ती त्याला आवडेल अशीच निघणार, तुम्ही कितीही खमके असा. मीही तेच करायचो. स्वभाव बदलायचे कोर्स वगैरे करू नका, वेळ जातो आणि पैसेही. ही माहिती काउंटरवर बसल्या जागी कशी दिसेल एवढं आधी बघा, मग 'नाही' म्हणायची वेळच फार कमी येते.

आता काय काय परिस्थितीवर आहे तेही सांगून टाकतो. तुमच्याकडे प्लेट बनवायचं, लॅमिनेशन, बायंडिंग सगळं घरात असेल तर वेगळं गणित आणि बाहेर जॉबवर्क जात असेल तर वेगळं. डिजिटलवर शंभर व्हिजिटिंग कार्डं काढायची असतील तर यातलं काही डोक्यात घ्यायची गरज नाही, चहा होईपर्यंत होतात. मालकांचा स्वभाव मला माहीत नाही. आणि सरकारी कामं घेत असाल तर तिथे तारीख टेंडरमध्येच लिहिलेली असते, तिथे माझे अर्धे उपाय चालणार नाहीत. मी सांगतोय ते दोन-तीन मशीनच्या, निम्मी कामं बाहेरून करून घेणाऱ्या प्रेसबद्दल, तुमच्या वर्णनावरून तुमची तशीच वाटतेय.

तुमच्या त्या अहवालाचंच उदाहरण घेऊ. आकडे माझे, पण तुमचेही आसपासच असतील. ४८ पानं, पाव डेमी साईज (साधारण ए-फोरएवढी), २००० प्रती, आत एक कलर, चार कलरचं कव्हर, मॅट लॅमिनेशन, सेंटर पिन (घडीवर मधोमध मारलेली). १८ बाय २३ इंची शीटवर दोन्ही बाजू मिळून आठ पानांचा एक फॉर्म (एका शीटवर बसणारी पानं) धरला तर सहा फॉर्म, प्रत्येक बाजूला एक म्हणजे बारा प्लेटा (ज्यावरून पानं छापतात ते पत्रे). प्रत्येक प्लेटला दोन हजार म्हणजे एकूण चोवीस हजार इंप्रेशन (छाप). मशीन तासाला सहा हजारांनी चालवलं तर चार तास. प्लेट बदलून शाई-पाणी जुळवून पहिला नीट शीट निघेपर्यंत वीस मिनिटं धरा, बारा गुणिले वीस, आणखी चार तास. झाले आठ तास, एक शिफ्ट. कस्टमरने विचारलं की तुमच्या (आणि मालकांच्या) डोक्यात हीच एक शिफ्ट चमकते, त्यात बायंडिंगचा एक दिवस मिळवून तुम्ही छातीठोकपणे सांगता 'चार दिवसांत देतो', आणि वर वाटतं की चांगले दोन दिवस हातात ठेवलेत.

आता तोच जॉब खरा कसा चालतो बघा. प्रूफ ओके झालं सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी पानं लावून प्लेटा टाकल्या बाहेर, त्या आल्या रात्री. कागदाची ऑर्डर मंगळवारी गेली, टेम्पो आला बुधवारी दुपारी, कारण दुकानदार अर्धी गाडी पाठवत नाही, भरेपर्यंत थांबतो. बुधवारी मशीनवर आधीचे दोन जॉब, त्यातला एक लटकलेला. गुरुवारी आमच्या भागात लाईट नाही, तुमच्याकडे वार वेगळा असेल. शुक्रवारी छापायला घेतलं. कव्हर शनिवारी छापलं, ते वाळायला एक दिवस, तो रविवार गेला, सोमवारी लॅमिनेशनला पाठवलं तर तिथे आपल्यापुढे तिघं. मंगळवारी रात्री कव्हर परत. बुधवारी घडी, फॉर्म ओळीने लावणं, पिन. गुरुवारी कटिंग, बांधणी, डिलिव्हरी. छापायचं काम आठ तासांचंच राहिलं, एक मिनिट वाढलं नाही, आणि सोमवारच्या ओकेपासून पुस्तक हातात पडलं पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. आणि कोणी आळस केला म्हणाल तर कोणीच नाही!

म्हणून तारीख काढताना काम किती तासांचं हे विचारूच नका, किती ठिकाणी रांगेत उभं राहायचंय ते मोजा. वर सहा रांगा आहेत: प्लेट, कागद, मशीन, वाळणं, लॅमिनेशन, बायंडिंग. आम्ही काउंटरवर एक साधा पांढरा बोर्ड लावलाय, उभे रकाने या रांगांचे, आडवे जॉब, आणि रोज सकाळी साडेदहाला ऑपरेटर आणि बायंडिंगचे काका येऊन स्वतःच्या हाताने पुसतात-लिहितात. सॉफ्टवेअर पण घेतलं होतं, सात-आठ महिने चाललं, नंतर त्यात कोणी भरेना. बोर्डाचं बरं असतं, चुकीचं लिहिलं की येणारा-जाणारा प्रत्येकजण टोकतो.

वाळण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण तुमच्याकडचा पाऊस आमच्यापेक्षा जोरात. ऑगस्टमध्ये कागद सादळतो, कडा लाटा मारतात, शीट मशीनमध्ये सरळ जात नाही आणि शाई लवकर बसत नाही. आमचे ऑपरेटर मामा एक करतात, थप्पीतला मधला शीट उपसून काळ्या भरीव भागावर अंगठा दाबतात आणि तो अंगठा पांढऱ्या समासावर टेकवतात. समासावर ठसा उमटला तर त्या दिवशी दुसरी बाजू छापायची नाही, मग कस्टमर समोर बसलेला असो नाहीतर मालक. नवीन असताना मी एकदा त्यांना म्हटलं, मामा चालवा हो, संध्याकाळची गाडी लागलीये. त्यांनी चालवलं, मला समजावायच्या भानगडीत पडले नाहीत. थप्पीत खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागली, सगळीकडे राखाडी सावल्या, दोन फॉर्म परत छापले, म्हणजे एक दिवस वाचवायला जाऊन तीन घालवले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्या प्रत्येक तारखेत एक दिवस पावसाचा असतो आणि तो मी कस्टमरला तसाच सांगतो, 'पावसाळा आहे, एक दिवस वाळायला जाईल', लपवत नाही. पावसाला कोणी घासाघीस करत नाही हा त्याचा फायदा.

आता जिथे सगळ्यात जास्त दिवस जळतात तिथे येऊ, आणि गंमत म्हणजे ते आपल्याकडे जळतच नाहीत. कस्टमरकडे जळतात. तुम्ही १ तारखेला म्हणालात 'दहा दिवसांत देतो', कस्टमरने कॅलेंडरवर ११ ला गोल केला. मग मजकूर आला ३ ला, जाहिराती आल्या ५ ला, अध्यक्षांचा फोटो व्हॉट्सअॅपवर इतका बारीक आला की छापला तर चेहऱ्यावर चौकोन दिसतील, प्रूफ गेलं ६ ला आणि ते समितीतल्या नऊजणांकडे फिरून परत आलं ९ ला, त्यात खजिनदारांचं आडनाव तीन जणांनी तीन प्रकारे दुरुस्त केलेलं. कस्टमरच्या डोक्यात मात्र गोल अजून ११ वरच, आणि तो खोटंही बोलत नाहीये, तुम्ही दहा दिवस म्हणालाच होता की.

त्यामुळे तारीख कधीच ऑर्डरच्या दिवसापासून सांगू नका. 'शेवटचं प्रूफ ओके झाल्यापासून कामाचे नऊ दिवस', बस्स, आणि हे वाक्य त्याच दिवशी लिहून पाठवायचं. मी असा मेसेज टाकतो: 'साहेब, अहवाल २००० प्रती. प्रूफवर फायनल ओके मिळाल्यापासून कामाचे ९ दिवस. आपल्याला २६ ला हवे असतील तर ओके १५ च्या संध्याकाळपर्यंत लागेल. नंतर आल्यास तितके दिवस पुढे.' यात कोणाला दुखवणारं काही नाही, पण १७ तारखेला प्रूफ घेऊन आलेला माणूस येतानाच म्हणतो, दोन दिवस पुढे जाईल ना? तुम्हाला 'नाही' म्हणावंच लागलं नाही, त्याचं त्यानेच म्हटलं. आणि ओके एकाच माणसाचं घ्यायचं, त्याचं नाव आधी ठरवून. नऊजणांचा ओके मी आजवर एकाच दिवशी आलेला बघितला नाही.

दुसरं म्हणजे 'कधी पाहिजे' असं विचारू नका, उत्तर 'काल' येतं. 'कशासाठी पाहिजे आणि त्या दिवशी किती वाजता' हे विचारा. लग्नपत्रिकांचं बघा. मुलीचे वडील येतात, ५०० पत्रिका, तीन दिवसांत द्या, फॉइल पण पाहिजे. मी विचारतो काका, पहिली पत्रिका कुठे ठेवायची? ती गणपतीला आणि कुलदैवताला, दोन पत्रिका. मग गावाकडे कोण जाणार, कधी? या रविवारी, भावकीत साठ-सत्तर. बाकीच्या? त्या पुढचे पंधरा दिवस हळूहळू वाटणार. म्हणजे काकांना तीन दिवसांत ५०० नकोच आहेत, रविवारी सकाळी शंभर पाहिजेत. आमच्याकडे फॉइल आणि घडी हाताने होते, छपाई सगळ्यांची एकदमच होऊन जाते, त्यामुळे शंभर आधी पूर्ण करून देणं मला सहज जमतं आणि उरलेल्या चारशेला एक आठवडा मिळतो. काका खूश. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नाही, एका काकूंनी काउंटरवरच सुनावलं होतं, 'अहो पण सगळ्या एकदम कोणाला हव्यात!'

अहवालाचंही तसंच. सहकारी संस्थांना वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि नोटीस साधारण चौदा दिवस आधी सभासदांना जायला लागते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावातल्या झाडून सगळ्या पतसंस्था एकदम आपल्या दारात. त्यांची तारीख हलत नाही, कायद्याची आहे. सभेची तारीख विचारून तुम्ही स्वतः उलटं मोजलं असतं तर त्या पतसंस्थेचा जॉब बोर्डावर सगळ्यात वर गेला असता आणि कोणाच्या तरी दुकानाची बिलबुकं तीन दिवस मागे गेली असती, त्याला फरक पडला नसता. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे दोन्ही जॉब 'अर्जंट' म्हणूनच लिहिलेले होते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर रांगा मोजा, घड्याळ प्रूफच्या ओकेपासून चालू करा आणि कस्टमरची खरी गरज कुठल्या दिवसाची, किती नगांची आहे ते काढून घ्या. निम्मे वांधे इथेच संपतात.

आता दिवस वाढवून सांगण्याबद्दल. सगळे हाच सल्ला देतात, पाच दिवसांचं काम असेल तर आठ सांग. मी अर्धाच मानतो. चोरून वाढवलेले दिवस कस्टमरला वर्षभरात कळतात. आमचे एक जुने प्रकाशक आहेत, त्यांना १४ ला पुस्तकं हवी असली की ते १० सांगायचे, कारण त्यांना माहीत होतं आम्ही लेट करतो. आम्हाला माहीत होतं ते चार दिवस आधीची सांगतात, म्हणून आम्ही निवांत. एकदा त्यांनी खरोखरची तारीख सांगितली आणि आम्ही नेहमीच्या हिशोबाने वागलो, पुढचं सांगत नाही. तेव्हा वाढवायचं तर कारणासकट वाढवा, 'लॅमिनेशन बाहेर आहे, त्याचे दोन दिवस माझ्या हातात नाहीत'. किंवा दोन तारखा द्या: 'सगळं सुरळीत झालं तर २४, पण पाहुण्यांना २६ च सांगा.' फक्त हे म्हटल्यावर २४ बोर्डावर लिहा आणि २६ बिलावर, उलटं करू नका.

आणि स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका, मग अनुभव कितीही असो. माझी मुलगी मानसशास्त्र शिकते, तिने सांगितलं की डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलंय, आधीची तसलीच कामं लेट झालेली माहीत असूनही माणूस नव्या कामाचा अंदाज ते मनाजोगतं जाईल असंच धरून बांधतो. नंतर १९९४ च्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना प्रबंध किती दिवसांत होईल विचारलं, मुलं सरासरी ३४ दिवस म्हणाली, सगळं बिघडलं तरी ४८-४९, आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून सांगितलेला आकडाही कमी पडला. मी तिला म्हटलं यात नवीन काय, आमच्याकडे हे रोज होतं, पण त्यानंतर एक वही घातली. डावीकडे दिलेली तारीख, उजवीकडे गेलेली तारीख, पुढे कारण दोन शब्दांत. वर्षभराने चाळली तर मला वाटायचं मशीन बंद पडून उशीर होतो, आणि वहीत पानोपान 'कव्हर परत यायला उशीर', 'प्रूफ', 'प्रूफ', 'कव्हर'. मशीन फार थोड्या वेळा. म्हणजे मी इतकी वर्षं ऑपरेटरवर ओरडत होतो ते फुकटच. आता पुस्तकाचा जॉब आला की वहीतले तसलेच मागचे पाच-सहा जॉब बघतो आणि तेवढेच दिवस सांगतो. हा जॉब सोपा आहे, लवकर होईल असं मन सांगत असतं, त्याला गप्प बसवतो.

सीझनचं थोडक्यात. गणपतीत आमचा कोकणातला ऑपरेटर सात दिवस गावाला जाणार म्हणजे जाणार, दसऱ्याला मशीनची पूजा, त्या दिवशी ते बंद. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत आणि लक्ष्मीपूजन काही कोणासाठी पुढे जात नाही. २०२४ चं आठवत असेल तुम्हाला, १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, २० ला मतदान आणि मधेच तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव पत्ता लागतो, प्रकाशकाचं सही केलेलं घोषणापत्र लागतं तेही दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने, आणि कार्यकर्ता रात्री दहाला येऊन म्हणतो सकाळी पाहिजे, कागदपत्रं नंतर देतो. ती नंतर येत नाहीत, म्हणून कागदं नाहीत तर छपाई नाही. असे महिने कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा आणि त्या महिन्यांत तुमचे नेहमीचे नऊ दिवस बारा करा, तोंडाने.

एवढं करूनही लेट होतंच. तिथे मी जे केलं ते तुम्ही करू नका. २००५-०६ ची गोष्ट, नोकरीत असतानाची. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, रविवारी सकाळी दहाला प्रकाशन. शुक्रवारी दुपारी मला स्पष्ट कळलं होतं की होत नाही, कव्हर यायचं होतं. शाळेतून बाईंचा फोन आला, मी म्हटलं 'बायंडिंगला गेलंय'. आपल्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं वाक्य, छापलेलं नसलं तरी बायंडिंगला गेलेलं असतं. शनिवारी परत फोन, परत तेच. शनिवारी रात्रभर बसून दीडशे प्रती चिकटवल्या, गोंद नीट गार व्हायच्या आत कटिंग केलं, रविवारी पावणेदहाला स्कूटरवर गठ्ठे घेऊन हॉलच्या मागच्या दाराने आत. पाहुण्यांनी रिबन सोडली, स्मरणिका मधोमध उघडून फोटोला उभे राहिले आणि मधली चार पानं अलगद निघून स्टेजवर पडली, त्यातलं एक बरोब्बर मुख्याध्यापकांच्या मनोगताचं. बाई माझ्याकडे बघत होत्या. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, 'शुक्रवारी सांगितलं असतंत तर आम्ही फक्त मुखपृष्ठाचं प्रकाशन केलं असतं, स्मरणिका नंतर वाटल्या असत्या.' म्हणजे त्यांच्याकडे मार्ग होता, तो मी बंद केला.

तेव्हापासूनचा नियम: साडेदहाला बोर्ड बघितला आणि एखादी तारीख हुकणार असं वाटलं, नक्की झालेलं नसलं तरी, अकराच्या आत फोन. मेसेज नाही, फोन. आधी काय झालं, मग नवी तारीख, मग त्या दिवशी किती प्रती मिळतील. आणि नवी तारीख देताना घाई नको, समोरचा चिडलेला असतो म्हणून आपण परत त्याला आवडेल ती तारीख फेकतो. 'मला तासभर द्या, लॅमिनेशनवाल्याशी बोलून सांगतो' म्हणा. पहिली तारीख चुकली तर लोक चिडतात पण सांभाळून घेतात, दुसरी चुकली की तिसरी कोणी ऐकून घेत नाही, सरळ माणूस येऊन बसतो प्रेसमध्ये.

मालकांचं. कस्टमरसमोर त्यांना खोडून काढू नका, त्यात तुमचीच नोकरी जाईल. त्यांनी 'हो, परवा देतो' म्हटलं की कस्टमर गेल्यावर त्यांना बोर्डापाशी न्या आणि विचारा, 'सर, परवा हा द्यायचा तर यातला कुठला खाली घेऊ?' तक्रारीचा सूर नको, खरंच विचारायचंय असं विचारा. खडू किंवा मार्कर त्यांच्या हातात द्या. माझे त्यावेळचे मालक पहिल्यांदा म्हणाले 'काही खाली घ्यायचं नाही, सगळं होतं', दुसऱ्यांदा पण तेच, तिसऱ्यांदा मात्र त्यांनीच कस्टमरला फोन केला. सोबत अर्जंटचा वेगळा रेट ठेवायला सांगा, नाईट शिफ्ट, ओव्हरटाईम, बाहेरच्या मशीनवर छापून घेणं, याचे खरे पैसे पडतातच. रेट सांगितला की बरेच 'अर्जंट' जॉब जागच्या जागी थंड होतात, आणि जो पैसे द्यायला तयार असतो त्याची खरंच नड असते.

कस्टमर जातील का? काही जातील, उगाच धीर देत नाही. माझे दोन गेले. एक चार महिन्यांनी परत आला. दुसरा प्रकाशक, त्याची पुस्तकं अजून दुसऱ्या प्रेसला होतात, अप्पा बळवंत चौकात दुकानात दिसली की मी उचलून कणा बघतो, चांगलं काम असतं, लेट होतं का ते मला माहीत नाही.

आता तुमच्या पतसंस्थेचं, कारण ते अजून गरम आहे. कापलेल्या पैशांवर वाद घालू नका, तो विषय मालकांना बघू दे. तुम्ही त्यांच्या मॅनेजरना जाऊन भेटा आणि पुढच्या वर्षीच्या सभेची तारीख साधारण कधी असते ते विचारून घ्या, अध्यक्षांचा मोठ्या साईजचा फोटो आणि मागच्या मजकुराची फाईल आत्ताच मागून ठेवा. ताळेबंद काय तो ऑडिट झाल्यावर येईल, पण बाकीची तीसेक पानं जुलैतच लावून होतील. आणि कव्हर, ते कशावर थांबत नाही, ते पाऊस लागायच्या आत मे महिन्यातच छापून लॅमिनेशन करून ठेवता येतं. फक्त त्यावर सभेची तारीख टाकायची नाही.